निर्मात्याची रोजकीर्द : ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ आणि प्रांजळपणाचा प्रश्न

१

लेखकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. मर्ढेकरांनी आत्मनिष्ठेची कल्पना मांडल्यापासून ह्या प्रश्नाला एक परिभाषा लाभली, आणि लेखक स्वतःच्या अनुभवाशी कितपत एकनिष्ठ राहिला हे तपासण्याची एक पद्धतही रूढ झाली. परंतु ह्या सर्व चर्चेच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे, आणि ते सहसा उच्चारले जात नाही. ते असे की, परीक्षणासाठी समोर आलेली कृती पूर्ण झालेली आहे. कादंबरी छापून झाली, नाटक रंगभूमीवर आले, काव्यसंग्रह बाजारात आला, म्हणजे लेखकाचे काम संपते आणि वाचकाचे सुरू होते. कृती अपुरी असतानाच ती वाचकाच्या हाती आहे, वाचक तिच्यासाठी पैसे मोजीत आहे आणि कर्ता त्याच वाचकाशी वर्षानुवर्षे बोलत आहे, अशी स्थिती असेल तर प्रामाणिकपणाचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न जुन्या परिभाषेच्या कक्षेत नीट बसत नाही.

संगणकीय खेळांच्या क्षेत्रात ही स्थिती आज अपवादात्मक राहिलेली नाही. खेळ अपुरा असतानाच तो वितरित होतो. खेळाडू त्यातले दोष कळवितात. कर्ता उत्तरे देतो, खुलासे करतो, कधी क्षमा मागतो. ह्या देवघेवीतून जे लेखन निर्माण होते त्याला वाङ्मय म्हणावे की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी ते समीक्षेच्या कक्षेत येते ह्याविषयी शंका नसावी. कारण कोण, कोणाशी, कोणत्या अधिकाराने आणि क्रियापदाच्या कोणत्या काळात बोलत आहे, हे प्रश्न ह्या लेखनालाही तितक्याच रास्तपणे विचारता येतात. त्यांतही शेवटचा प्रश्न, म्हणजे काळाचा, सर्वांत महत्त्वाचा ठरतो असे दिसते. प्रस्तुत लेखात टार्न अ‍ॅडम्स व झॅक अ‍ॅडम्स ह्या अमेरिकन बंधूंच्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ ह्या खेळाच्या निमित्ताने ह्याच मुद्द्याचा विचार केला आहे.

२

अ‍ॅडम्स बंधूंच्या निवेदनाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी प्रथम दोन भिन्न प्रकारची उदाहरणे पाहणे सोयीचे होईल.

पीटर मोलिन्यू हे इंग्लंडमधील नामवंत खेळकर्ते. त्यांचा ‘फेबल’ हा खेळ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी मुलाखतींतून त्यांनी खेळाचे जे वर्णन केले होते, त्यात झाडाची बी जमिनीत रुजत घातली तर खेळातला काळ जाईल तसा तिचा वृक्ष होईल, अशी एक कल्पना होती. प्रत्यक्ष खेळात तो वृक्ष नव्हता. आणि त्याच्यासारख्या इतर अनेक गोष्टीही नव्हत्या. खेळाडूंचा रोष पाहून मोलिन्यू ह्यांनी त्याच वर्षी जाहीर क्षमा मागितली आणि फार आधी बोलणे ही आपली चूक झाली असे मान्य केले. ह्या क्षमायाचनेत ढोंग होते असे म्हणण्यास आधार नाही. मोलिन्यू जे बोलले ते बोलताना त्यांना खरे वाटत होते. किंबहुना, त्यांच्या स्वप्नाशी ते पूर्णपणे एकनिष्ठ होते. आत्मनिष्ठेचा निकष येथे लावला तर ते उत्तीर्ण होतात, आणि नेमकी हीच त्या निकषाची अडचण आहे. २०१२ साली ‘गोडस’ ह्या खेळासाठी त्यांच्या संस्थेने लोकांकडून ५ लाख पौंडांहून अधिक वर्गणी गोळा केली, तेव्हाही सांगितलेले आणि साधलेले ह्यांतले अंतर पुन्हा उघडे पडले. भविष्यकाळात केलेले विधान बोलणाऱ्याच्या अंतःकरणाशी कितीही जुळत असले, तरी ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता येत नाही.

दुसरे उदाहरण शॉन मरे आणि त्यांच्या ‘हेलो गेम्स’ ह्या इंग्रज संस्थेचे. त्यांचा ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अगणित ग्रहांच्या विश्वात खेळाडू एकमेकांना भेटू शकतील अशी समजूत आधीच्या मुलाखतींतून पसरली होती. खेळ प्रसिद्ध होताच दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच ठिकाणी जाऊन उभे राहिले आणि त्यांना एकमेक दिसले नाहीत. त्यानंतर संस्थेने जवळजवळ मौन पत्करले. नोव्हेंबर २०१६ मध्ये खेळात मोठी भर घालणारी आवृत्ती आली तेव्हाच ते सुटले. आणि खऱ्या अर्थाने एकत्र खेळण्याची सोय जुलै २०१८ मध्ये आली. ह्या भरीसाठी खेळाडूंकडून वेगळे पैसे घेतले गेले नाहीत. मौन राखून काम करीत राहणे हा मार्ग परिणामाच्या दृष्टीने यशस्वी ठरला, आणि त्यामागील चिकाटीला दाद दिली पाहिजे. तथापि, मौन हे निवेदन नव्हे. त्या महिन्यांत खेळाडूला काय चालले आहे हे जाणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्याचा विश्वास राहिला असेल तर तो त्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवलेला होता.

एकाने भविष्याविषयी भरभरून सांगितले, दुसऱ्याने बोलणेच थांबविले. ह्या दोहोंच्या मधली जागा कोणती, हे अ‍ॅडम्स बंधूंच्या लेखनावरून कळते.

३

टार्न अ‍ॅडम्स ह्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून २००५ साली गणितात डॉक्टरेट मिळविली. पुढे टेक्सासमधील विद्यापीठात संशोधक म्हणून ते रुजू झाले, पण २००६ साली ते पद सोडून त्यांनी खेळाच्या निर्मितीला पूर्ण वेळ वाहून घेतले. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’चे काम २००२ साली सुरू झाले होते, पहिली सार्वजनिक आवृत्ती ऑगस्ट २००६ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध झाली. आज्ञावली लिहिण्याचे काम टार्न ह्यांचे, आणि कथा व रचना ह्यांच्या विचारात झॅक ह्यांचा वाटा. हा खेळ म्हणजे बुटक्या लोकांची एक वसाहत डोंगराच्या पोटात वसविणे. पण प्रत्येक वेळी खेळ सुरू होण्यापूर्वी संगणक एक संपूर्ण जग रचतो : त्याचा भूगोल, त्यातील राज्ये, लढाया, वंशावळी आणि शेकडो वर्षांचा इतिहास. हे सारे पडद्यावर दीर्घकाळ चित्रांनी न दाखविता अक्षरांनी व चिन्हांनीच दाखविले जात असे. वसाहत अखेरीस बुडते हे गृहीतच असून, ‘हरण्यातच मौज’ अशा अर्थाचे वचन ह्या खेळाच्या रसिकांत ब्रीदवाक्यासारखे रूढ आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१२ साली खेळांचा जो पहिला संच आपल्या संग्रहात घेतला त्यात ह्या कृतीचा समावेश होता.

ह्या कामाबरोबर टार्न ह्यांनी एक टिपणवही उघड ठेवली. आज कोणता दोष दुरुस्त केला, कोणता सापडला, कोणते काम अर्धवट राहिले, एवढेच तीत सांगितलेले असे. महिन्याकाठी खेळाडूंच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात, आणि मागील महिन्यात किती देणगी आली हेही जाहीर केले जाई. ह्या लेखनाला मराठीतील जुना शब्द वापरून ‘रोजकीर्द’ म्हणणे उचित होईल. पेशवे दप्तरातील रोजकीर्दी आणि आपल्या बखरी ह्यांतला भेद इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. बखर घटना होऊन गेल्यावर, तिचा अर्थ लावून आणि बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. रोजकीर्द त्या त्या दिवशी लिहिली जाते आणि अर्थ लावण्याची घाई करीत नाही. बखरीला नायक असतो, तर रोजकीर्दीला फक्त नोंदी असतात. टार्न अ‍ॅडम्स ह्यांचे निवेदन ह्या दुसऱ्या जातीचे आहे. त्यातील क्रियापदे बहुशः भूतकाळात असतात, आणि जेथे भविष्यकाळ येतो तेथे त्याच्याबरोबर तारीख नसते.

ह्या शैलीचा एक नमुना विशेष प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०१५ मध्ये खेळात गुत्त्यांची भर पडली. लौकरच एका खेळाडूने कळविले की, गुत्त्यात मांजरे मरून पडत आहेत आणि जागोजाग ओकारी दिसत आहे. टार्न ह्यांनी शोध घेतला तेव्हा कारणांची एक साखळीच निघाली. गुत्त्यात बुटके मद्य सांडीत होते. मांजरे त्या ओल्या जमिनीवरून चालत आणि मद्य त्यांच्या पंजांना लागे. मांजराने अंग चाटून स्वच्छ करावे अशी योजना खेळात आधीपासून होती, आणि चाटलेला पदार्थ पोटात जावा अशीही. मद्याचा परिणाम शरीराच्या आकारमानावर ठरत असे. ह्या सर्व योजना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या होत्या आणि प्रत्येक आपापल्या जागी बरोबर होती. चूक होती ती एकाच ठिकाणी : पंजाला लागलेले मद्य हिशेबात भरलेला पेला म्हणून धरले जात होते. त्यामुळे एका चाटण्यासरशी मांजर मद्याच्या विषाने मरे.

ह्या प्रसंगातील विनोद जगभर पसरला. समीक्षेच्या दृष्टीने मात्र विनोदापेक्षा स्पष्टीकरणाची रीत महत्त्वाची आहे. कर्त्याने दोष कबूल केला, एवढ्यावर तो थांबला नाही. दोष कसा घडला हे त्याने अशा रीतीने सांगितले की, ऐकणाऱ्याला खेळाची अंतर्रचना समजावी. माझे चुकले, क्षमा असावी, हे वाक्य बोलणाऱ्याविषयी काही सांगते. येथील वाक्ये वस्तूविषयी सांगतात. निवेदनाचा भर कर्त्याच्या मनःस्थितीवरून काढून कृतीच्या स्थितीवर नेणे, हा ह्या प्रांजळपणाचा पहिला विशेष होय. वाचलेले खरे की खोटे हे खेळाडू त्याच दिवशी खेळात जाऊन पाहू शकतो, हा दुसरा विशेष.

मासिक प्रश्नोत्तरांत हीच वृत्ती दिसते. अमुक गोष्ट खेळात केव्हा येणार, ह्या प्रश्नाला वेळापत्रक नाही असे उत्तर मिळण्याची सवय खेळाडूंना झालेली होती. पुढे व्यापारी आवृत्ती घोषित झाली तेव्हा विक्रीच्या जागी प्रकाशनाच्या तारखेऐवजी ‘काळ व्यक्तिसापेक्ष आहे’ अशा अर्थाचे वाक्य घातलेले होते. ते थट्टेचे होते हे खरे. पण त्या थट्टेमागे सोळा-सतरा वर्षांची शिस्त होती. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगणे हे ऐकण्यास सोपे वाटते. विक्री करणाऱ्याला ते सोपे नसते.

४

प्रांजळपणाची कसोटी पैशाच्या प्रश्नाशी येऊन भिडते. पूर्वी बारा-तेरा वर्षे ह्या बंधूंचा निर्वाह मुख्यतः देणग्यांवर चालत असे. देणगी देणाऱ्यास रंगीत खडूंनी काढलेले एक चित्र किंवा लहानशी गोष्ट पाठविण्याची त्यांची प्रथा होती. दर महिन्याची प्राप्ती जाहीर होत असल्यामुळे देणाऱ्याला आपल्या देणगीची नड किती आहे हे कळत असे, आणि ती कमी झाली तर तेही कळत असे.

मार्च २०१९ मध्ये ह्या व्यवस्थेत बदल झाला. चित्रांनी सजविलेली, विकत घ्यावयाची एक आवृत्ती ‘किटफॉक्स गेम्स’ ह्या कॅनडातील संस्थेच्या साहाय्याने काढण्याचे बंधूंनी जाहीर केले. कारण म्हणून नव्या कलात्मक क्षितिजांचा हवाला देण्यात आला नाही. झॅक ह्यांना त्वचेच्या कर्करोगावर उपचार घ्यावे लागले होते. अमेरिकेतील वैद्यकीय खर्च आणि विम्याची परिस्थिती पाहता देणग्यांवर पुढील आयुष्य विसंबून ठेवता येणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितले. जुनी अक्षरचिन्हांची आवृत्ती विनामूल्यच राहील, असेही त्याच वेळी सांगितले आणि ते पाळले. विनामूल्य वस्तूला किंमत लागते तेव्हा जुन्या रसिकांच्या मनात फसवणुकीची भावना निर्माण होणे स्वाभाविक असते. येथे ती फारशी झाली नाही. मागील हिशेब लोकांपुढे होता, त्यामुळे नवी गरज ही सबब वाटली नाही.

ही आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाली आणि महिन्याभरात तिच्या सुमारे पाच लाख प्रती खपल्या. त्यानंतर जो मासिक हिशेब प्रसिद्ध झाला तो ह्या लेखनप्रकाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. डिसेंबरची प्राप्ती पंधरा हजार डॉलरांच्या आसपास होती. जानेवारी २०२३ ची ७२ लाख डॉलरांहून अधिक. ही रक्कम पूर्वीच्या रकमांच्याच ओळीत, त्याच पद्धतीने मांडलेली होती, आणि तिच्यातला सुमारे निम्मा भाग करात जाईल असा खुलासा सोबत होता. दारिद्र्याच्या काळात हिशेब उघडा ठेवणे तुलनेने सोपे. त्यातून सहानुभूती मिळते. संपत्ती आल्यावर तोच हिशेब त्याच सुरात पुढे चालविणे अवघड, कारण त्यातून असूया मिळण्याचा संभव असतो. रोजकीर्दीचा नियम हा की, जमेची रक्कम मोठी झाली म्हणून पान बदलावयाचे नाही. तो नियम येथे पाळला गेला.

खेळाचा एक महत्त्वाचा भाग, म्हणजे एकट्या प्रवाशाच्या रूपाने जगात भटकण्याचा प्रकार, ह्या नव्या आवृत्तीत प्रारंभी नव्हता. ते आधीच सांगितलेले होते. जानेवारी २०२५ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला. ‘फेबल’मधील न उगवलेल्या वृक्षाशी ह्याची तुलना केली तर असे दिसते की, दोन्ही ठिकाणी वस्तू अपुरीच होती. भेद आहे तो ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी त्याला काय ठाऊक होते, ह्यात.

५

ह्या प्रांजळपणावर घेता येण्याजोगे आक्षेप तीन आहेत, आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की, हा प्रांजळपणाही एक व्यापारी युक्तीच आहे. देणग्यांवर जगणाऱ्याला मनमोकळे असणे परवडते, नव्हे, तसे असणे त्याला भागच असते. ह्यात तथ्य आहे. परंतु हेतूत स्वार्थ मिसळला म्हणून विधान असत्य ठरत नाही. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनालाही वेतन मिळतच असे. तिचे मूल्य तो निःस्वार्थी होता म्हणून नव्हे, तर तिची पडताळणी होऊ शकत होती म्हणून. हेतू शुद्ध होता की नव्हता ह्या वादातून समीक्षेच्या हाती काही येत नाही. विधाने तपासता येत होती की नाही, ह्या प्रश्नाला मात्र निश्चित उत्तर आहे.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. खेळाची आज्ञावली बंधूंनी कधीही सार्वजनिक केली नाही. सर्व उघड असल्याचा भास निर्माण करून मूळ वस्तू झाकून ठेवली, असे ह्यावर म्हणता येईल. पण प्रांजळपणा म्हणजे सर्वस्व उघड करणे नव्हे. कर्त्याने काय राखून ठेवले आहे हे तो स्पष्ट सांगत असेल, तर राखून ठेवण्यात असत्य नाही. शिवाय खेळाडूंच्या सूचना ऐकूनही खेळाची दिशा शेवटपर्यंत बंधूंच्याच हाती राहिली. नव्या आवृत्तीची चित्रे करण्यासाठी, पूर्वी हौसेने ह्या खेळाचे चित्रसंच बनविणाऱ्या खेळाडूंनाच पाचारण केले गेले; पुढे आज्ञावलीच्या कामातही खेळाडू-समूहातील एका जाणकार व्यक्तीस घेण्यात आले. ह्यावरून समूहाशी असलेले नाते वरवरचे नव्हते हे दिसते. तथापि ते मतदानाचे नाते नव्हते. कर्तृत्वाचा अधिकार आणि सांगण्याचे कर्तव्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ न होऊ देणे हेही ह्या उदाहरणाचे एक श्रेय होय.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. दोष मोकळेपणाने सांगितला की तो सह्य होतो, आणि सह्य झाला की त्याच्या दुरुस्तीची निकड उरत नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ शिकण्यास अत्यंत दुर्घट आहे, त्यातील आज्ञांच्या किल्ल्या विसंगत आहेत, ही तक्रार प्रारंभापासून होती आणि कर्त्यालाही ती मान्य होती. तरीही माउसने सहज खेळता येईल अशी मांडणी २०२२ च्या विक्रीयोग्य आवृत्तीतच आली. म्हणजे सोळा वर्षे जे काम प्रांजळपणाने घडले नाही ते बाजाराच्या गरजेने घडले. एवढेच नव्हे, तर मांजरांच्या मृत्यूसारखे दोष आख्यायिका बनले, आणि सदोषता हाच खेळाचा स्वभाव अशी एक समजूत रसिकांत रुजली. कबुली दुरुस्तीची जागा घेऊ लागली तर ती कबुली देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखीच घातक होते. अ‍ॅडम्स बंधूंच्या निवेदनाचे हे वैगुण्य त्यांच्या चाहत्यांच्या लेखनात क्वचितच नोंदलेले आढळते. ते वैगुण्य रोजकीर्दीच्या स्वरूपातच आहे. रोज काय झाले ह्याची नोंद ती चोख ठेवते. जे रोज राहून जात आहे त्याची टोचणी तिच्यात सहसा उमटत नाही.

६

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अपूर्ण कृतीच्या कर्त्याचा प्रामाणिकपणा मोजण्यास आत्मनिष्ठेचा निकष अपुरा पडतो, कारण स्वतःच्या स्वप्नाशी एकनिष्ठ असलेला मनुष्यही दुसऱ्याची दिशाभूल करू शकतो. येथे निकष हवा तो परनिष्ठेचा : ज्याला सांगितले त्याला ते पडताळता आले का, त्यावरून त्याला निर्णय घेता आला का, आणि परिस्थिती पालटल्यावरही सांगण्याची पद्धत कायम राहिली का. ह्या तिन्ही प्रश्नांना अ‍ॅडम्स बंधूंच्या बाबतीत होकारार्थी उत्तर देता येते. सांगितलेला दोष वेळेवर दूर झाला का, हा चौथा प्रश्न आहे, आणि तेथे उत्तर तितके समाधानकारक नाही.

पूर्ण झालेल्या कृतीची समीक्षा ही आजवर वाङ्मयसमीक्षेची मुख्य भूमी राहिली आहे आणि पुढेही ती राहील. परंतु जी कृती वीस-वीस वर्षे वाचकांच्या देखत घडत असते, तिच्या सोबतचे निवेदन हा कृतीचाच एक भाग होऊन बसतो. त्याचे परीक्षण कर्त्याच्या सौजन्यावर किंवा खेळाडूंच्या संतापावर सोडून न देता, भाषेच्या आणि रचनेच्या अंगाने केले पाहिजे. तसे केल्यास प्रांजळपणा हा स्वभावाचा गुण कमी आणि लेखनाची शिस्त अधिक आहे, असे आढळून येईल. स्वभाव कोणाला शिकविता येत नाही. लेखनाची शिस्त मात्र अभ्यासाने शिकता येते, आणि म्हणूनच ती अभ्यासकांच्या लक्षास पात्र आहे.